बासष्टावं सर्टिफिकेट

समारंभाचे अध्यक्ष आणि कंपनीचे संचालक माननीय सर्वेशसाहेब पाटणकर, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती सगुणाताई कुबल, आणि कोळंबी सोलून, हात धुऊन थेट इथे आलेल्या माझ्या भगिनी आणि बंधूंनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. सुपरवायझर दीपक यांनी एक चिठ्ठीही दिली आहे. ताईंबद्दल चार गोड शब्द बोलायचे, मग प्रशिक्षणाच्या नव्या तीन वर्षांच्या कराराची घोषणा करायची. चिठ्ठी खिशात आहे. घोषणेकडे येतोच.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, मी विनोद. मारुती मंदिरापाशी माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. बरोबरीची मुलं मुंबईला गेली, मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन इथेच बसलो. मोबाईल उघडण्याआधी कानाला लावतो, निम्मा बिघाड तिथेच कळतो. चार वर्षांपूर्वी एक जोडधंदा काढला, कंपन्यांना, पतसंस्थांना, गणपतीपुळ्याच्या हॉटेलांना ऑनलाईन प्रशिक्षणाचे कोर्स विकायचा. कामगाराने मोबाईलवर तासभर व्हिडिओ बघायचा, वीस प्रश्न सोडवायचे, की सर्टिफिकेट तयार. गेल्या महिन्यात इथे मी बासष्ट जणांसाठी कोळंबी गोठवायच्या यंत्रातल्या अमोनिया गॅसचा कोर्स दिला. माल घेणाऱ्या कंपनीची तपासणी मंगळवारी होती. कोर्स शनिवारी सुरू झाला.

आता सोलणीवाल्या बायकांचे हात दिवसभर बर्फात. त्या मोबाईल बघणार कधी? मग सगळ्यांचे मोबाईल कोळंबीच्या निळ्या क्रेटमध्ये गोळा झाले आणि क्रेट ऑफिसात आला. मी बाहेर बाकावर बसलो होतो. आतून एकच वाक्य ऐकू येत होतं, 'धोका ओळखा, शांत राहा.' दुप्पट वेगाने, दहा-बारा मोबाईलांवर एकदम. संपलं की पुन्हा तेच. एकसष्ट वेळा.

मी काय केलं असेल? दार ढकलून आत गेलो असेन? मी विचारलं, "चहा येतोय ना?"

बासष्टावा मोबाईल क्रेटमध्ये नव्हता. तो ताईंच्या कमरेला होता. दीपक मागायला गेले, तेव्हा ताई म्हणाल्या, "शिकल्याबिगर माझ्या नावाचा कागद नको. त्या विनूला पाठव, समोर उभा राहून सांगू दे."

मी गेलो. व्हिडिओतलं पाठ केलेलं सांगितलं. ताई नाटे गावच्या, बापाच्या होडीवर वाढलेल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या व्हिडिओतला वारा कुठचा रे?"

मी म्हटलं, "व्हिडिओत नुसतं 'वारा बघा' आहे, कुठचा ते नाही, ताई."

"मेल्या, मग गॅस जायचा कुठे ते कसं कळायचं? सकाळी आमच्याकडे मतलई असते, जमिनीकडचा वारा. दुपारी समुद्रावरचा खारा वारा. सकाळचं शहाणपण दुपारी चालायचं नाय."

सगळ्या हसल्या. मीही हसलो आणि सटकलो. ताईंनी मात्र दुसऱ्या दिवशी वारा कळावा म्हणून खिडकीबाहेर जुन्या जाळ्याची एक पट्टी बांधली. सर्टिफिकेट त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही.

साहेब, आपण घड्याळ पाहिलंत. दोनच मिनिटं.

पंधरवड्यापूर्वी, दुपारी तीन वाजता मशीनरूममधून अमोनिया सुटला. डोळे झोंबायला लागले. ठरलेली जागा मुख्य गेट, म्हणून सगळ्या गेटकडे पळाल्या. ताईंनी आधी ती पट्टी बघितली. पट्टी गेटकडे उडत होती, म्हणजे गॅसही तिकडेच. त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या, "मागे फिरा!" म्हणून ओरडल्या. जेटीकडच्या मागच्या दाराला कुलूप होतं, माल बाहेर जाऊ नये म्हणून. बर्फ फोडायच्या सळईने त्यांनी ते तोडलं आणि एकसष्ट जणांना वारा येत होता त्या बाजूला बाहेर काढलं. गेटवर एकटे आमचे दादू वॉचमन राहिले होते. ते आठ दिवस हॉस्पिटलात होते. आज मागच्या रांगेत बसलेत. दादू, हात वर करा. दिसले सगळ्यांना?

आणि चौकशीच्या मसुद्यात काय लिहिलंय? मला तो कुणी दाखवला नाही. काल इथे चहाच्या टेबलाशी दोघे बोलत होते, माझे कान तिखट आहेत. 'एकसष्ट कर्मचारी प्रशिक्षित. एक अप्रशिक्षित कर्मचारी, श्रीमती कुबल, यांनी कुलूप तोडून इतरांना ठरलेल्या जागेपासून दूर नेले.' सोमवारी त्यावर सही होणार. म्हणजे एकोणतीस वर्षं या बर्फात हात घालून ताई आज नारळ आणि शाल घेणार, आणि सोमवारी ठपका घेणार. ताई, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं ना? तुमचा चेहराच सांगतोय.

ही फाईल माझ्या कॉम्प्युटरवरून काढली आहे. एकसष्ट परीक्षा, एकच संध्याकाळ, एकच इंटरनेट जोडणी. सगळ्यांची उत्तरं सारखी. सातवा प्रश्न होता, गॅस सुटल्यावर कुठे जाल? एकसष्ट जणांचं उत्तर, 'मुख्य गेटकडे.' बरोबर उत्तर होतं, 'वारा बघून ठरवू.' तरी सगळे पास, कारण पासाला सोळा पुरतात. हे मला महिनाभर दिसत होतं. मी मात्र त्याच सर्टिफिकेटांचा फोटो दुकानाच्या जाहिरातीत लावला.

साहेब, फाईल तुमच्यासमोर ठेवतो. दुसरी प्रत सोमवारी मी स्वतः चौकशी समितीपुढे नेणार. करार मला नको. उद्यापासून रत्नागिरीत माझे कोर्स कोण घेईल, ते बघू. स्क्रू ड्रायव्हर अजून घरी आहे.

कोण बोललं? दीपक, बसून बोललात, पण मी ऐकलं. माईकवर सांगू? ते म्हणाले, "क्रेट मीच फिरवला, साहेब. सोमवारी मीपण येतो."

ताई, डोळे पुसा. अमोनिया नाहीये.

आपण सर्वांनी पाच मिनिटांच्या जागी दहा मिनिटं मला सोसलंत, त्याबद्दल आभार. मोठ्यांच्या मानात काही कमी-जास्त बोललो असेन तर पोटात घाला. महिनाभर जे बोललो नाही, ते मात्र पोटात घालू नका. त्याची माफी मी ताईंकडे मागतो, त्यांच्या पाया पडून. साहेब, जरा खुर्ची सरकवता?