सोपं होतं ते

खोपट डेपोत महाडच्या गाडीची रांग लागलेली. शालनच्या पुढे पन्नाशीचं जोडपं उभं होतं. शालनला ऐकायचं नव्हतं, पण ते दोघं हळू बोलत नव्हते.

"अहो, रविवारी परतायला हवं ना? सोमवारी ड्युटी तुमची."

"घाई नाही. एक तारखेपासून कामावर जायचं नाही."

"म्हणजे? कंपनी बंद?"

"कंपनी चालू आहे. चार कंट्रोल रूमची एक केली. सगळ्या टाक्या, सगळे पंप एकाच स्क्रीनवर दिसतात. एक माणूस पुरतो."

"मग तो एक तुम्ही. बावीस वर्षं झाली कोलशेतच्या कंपनीत."

"नाही. कंत्राटी माणूस घेतलाय."

"ते सॉफ्टवेअर तुम्हीच निवडलेलं ना?"

"दोन दिलेली चालवून बघायला. एक अवघड होतं, शिकायला सहा महिने गेले असते. म्हटलं, या वयात आपल्याला झेपायचं नाही. म्हणून दुसरं सांगितलं."

"बरोबरच केलंत की."

"अगं, इतकं सोपं आहे, नवा माणूस दोन दिवसांत तयार झाला."

"तुम्ही शिकवलं त्याला?"

"शिकवावं लागलंच नाही."

रांग जरा पुढे सरकली. शालनने पिशवी उचलून पुन्हा खाली ठेवली.

"साहेबांनी तुम्हाला विचारून ते सॉफ्टवेअर घेतलं, म्हणून पेढे आणलेले तुम्ही. मी अख्ख्या चाळीत वाटले."

"माहितीये."

"शेजारची पायलची आई अजून विचारते, ते सॉफ्टवेअर लागलं का म्हणून. काय सांगू?"

"लागलं म्हणून सांग. छान चालतंय."