गुणी पोर

पनवेलच्या मुलांच्या दवाखान्यात संजना दीड महिन्याच्या बाळाला लस द्यायला आली होती. नंबर येईपर्यंत ती त्याला पाजत बसली. शेजारच्या बाकावर गव्हाणची एक सासू नातवाला मांडीवर घेऊन होती आणि सून हृदयाच्या तपासणीच्या, इकोच्या खोलीच्या दाराकडे बघत होती.

"काळजाला भोक असंल बोलतान, आई."

"कसा असंल गो? एवढा गुणी पोर. कदी रडला नाय."

"डाक्टर बोलले, रडायला ताकदच नसंल त्याला."

"दूध पितो ना पन?"

"दोन घोट पितो नि झोपतो. आमी समजलो, पोट भरला."

"नि घाम? तो तर कुंचीचा हाय. मीच बोलले तुला, कुंची सैल बांध."

"मी तेच सांगितला त्यांना. त्यांनी घाम बघितला नि लगेच इको लिवून दिला."

सासूने नातवाची कुंची सोडली आणि पदराने त्याचं डोकं पुसलं.

संजनाने खाली पाहिलं. तिचं गुणी बाळ दोन घोट घेऊन झोपलं होतं. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. हात ओला झाला.

कुंची तर ती आज घरीच विसरली होती.