खडकातली ऊब

हेनिंग : ते राहू दे गं आई. अंगणात तो रणगाडा कोणाचा उभा आहे, ते आधी सांग.

सिग्ने : आधी बूट काढ. सकाळीच फरशी पुसलीय.

हेनिंग : काढले. आता बोल.

सिग्ने : रणगाडा नाही तो. बोअर मारायची गाडी आहे.

हेनिंग : बोअर? विहिरीचं पाणी आटलं की काय?

सिग्ने : पाण्याला काय धाड भरलीय! ऊब काढायचीय. खाली खडकात एकशे ऐंशी मीटर भोक पाडायचं, त्यात नळी सोडायची. खडकातली ऊब वर येते आणि तळघरातला पंप ती घरभर फिरवतो. एक युनिट वीज घातली की तीन युनिटांची ऊब मिळते. कॉफी घे, थर्मासमध्ये आहे.

हेनिंग : आई, परवा घरं विकणारा तो माणूस येतोय फोटो काढायला. मी तुला फोनवर सांगितलं होतं.

सिग्ने : सांगितलंस की.

हेनिंग : आणि तू हो म्हणालीस.

सिग्ने : मी फोन ठेवला. हो म्हणणं वेगळं आणि फोन ठेवणं वेगळं.

हेनिंग : अगं, पण मग हे उन्हाळाभर काय चाललं होतं तुझं? तळघर धुऊनपुसून रिकामं केलंस. बाबांची हत्यारं गावात वाटून टाकलीस. बोट विकलीस. मोठा फ्रीझर काढलास. आम्हाला वाटलं...

सिग्ने : काय वाटलं?

हेनिंग : कोणालाही वाटेल तेच. या वयात सगळे जे करतात ते. मरणाआधीची आवराआवर.

सिग्ने : अगं बाई!

हेनिंग : हसू नकोस. आन्नेलीला रडू आलं. म्हणाली, तुझी आई किती समजूतदार, मागे आपल्याला पसारा उपसावा लागू नये म्हणून आत्तापासून एकेक वस्तू हातावेगळी करतेय. म्हणून तर मी उमेओ शहरातल्या त्या फ्लॅटसाठी तुझं नाव लावलं. तुला मनातून जायचंय, पण तोंडाने सांगवत नाही, असं वाटलं मला.

सिग्ने : मला कधी तोंडाने सांगवलं नाही, असं झालंय?

हेनिंग : नाही.

सिग्ने : मग आन्नेलीला सांग, डोळे पूस. पंप माणसाएवढा उंच आहे, त्याला जागा हवी होती. फ्रीझर होता तिथेच तो बसणार. मरायला जागा लागत नाही रे, पंपाला लागते.

हेनिंग : आणि पैसे? हे काय फुकट पाडतात भोक?

सिग्ने : बोट विकली ना.

हेनिंग : बाबांची बोट तू जमिनीत घालतेयस!

सिग्ने : बाबा जाऊन सहा वर्षं झाली. सहा वर्षांत तू तिच्यात किती वेळा बसलास? एकदा. तेसुद्धा ती झाकून ठेवलेली असताना, ताडपत्रीवर.

हेनिंग : बरं, माझं काय चुकलं ते सांग. गेल्या हिवाळ्यात तू वरचा मजला बंद केलास. मग बैठकीची खोली बंद केलीस. जानेवारीत स्वयंपाकघरात खाट टाकून, लोकरी टोपी घालून झोपत होतीस. विजेचं बिल आलं की ड्रॉवरमध्ये कोंबत होतीस. मी हे नुसतं बघत बसू? फ्लॅटमध्ये ऊब भाड्यातच येते. खाली दवाखाना आहे. लिफ्ट आहे.

सिग्ने : आणि खिडकीतून पार्किंग दिसतं.

हेनिंग : झाडंही दिसतात!

सिग्ने : तीन. मी मोजून आले.

हेनिंग : तू जाऊन आलीस?

सिग्ने : बसने. फ्लॅट चांगला आहे. एखाद्या म्हाताऱ्या बाईला आवडेल.

हेनिंग : तू एकोणऐंशी वर्षांची आहेस, आई.

सिग्ने : ते मला माहीत आहे. मी टोपी घालून झोपले ती म्हातारी होते म्हणून नाही. तळघरातला तो विजेचा बॉयलर चाळीस वर्षांचा होता म्हणून. घर गारठलं की दोष बॉयलरचा, आणि घराबाहेर काढायचं मला? हा कुठला न्याय रे?

तूवा : सिग्ने! मी दारातच थांबते, बूट चिखलाने बरबटलेत. बोअरमधून निघणाऱ्या राखाडी गाळासाठी कंटेनर लावलाय, तुझ्या बटाट्यांच्या वाफ्याला धक्का लागणार नाही.

सिग्ने : ये गं. हा माझा मुलगा, हेनिंग. ही तूवा, बोअर तीच मारणार आहे.

तूवा : नमस्कार. सुरू करू?

हेनिंग : नाही! एक मिनिट थांब. आज नको, पुढच्या आठवड्यात बघू. आम्हाला घरात बोलायचंय.

तूवा : पुढच्या आठवड्यात मी दुसऱ्या गावाला. त्यानंतर तिसऱ्या. मग जमीन गोठते. मग वसंतात.

सिग्ने : म्हणजे अजून एक हिवाळा टोपी.

हेनिंग : मला एकच सांग तूवा, अगदी प्रामाणिकपणे. घातलेला पैसा वसूल व्हायला किती वर्षं लागतात?

तूवा : या घराला? दहा. अकरा.

हेनिंग : ऐकलंस? अकरा! तू नव्वदीची होशील.

सिग्ने : हो. मग?

हेनिंग : मग... आता मी कसं सांगू तुला?

सिग्ने : सांग ना. तोंडात आलंय ते बाहेर काढ. म्हातारी तोवर टिकायची नाही, असंच ना?

हेनिंग : मी तसं म्हणालो नाही.

सिग्ने : तू पहिली गाडी घेतलीस तेव्हा ती वसूल व्हायला किती वर्षं लागणार, असं मी विचारलं होतं का? आन्नेलीने अडीच हजार तुकड्यांची फरशी बसवून घेतली तेव्हा कोणी विचारलं? माणूस ऐंशीला टेकला की त्याने फक्त रिकामं करायचं, फक्त काढून टाकायचं. नवं घेतलं की सगळे वर्षं मोजायला बसतात! मी नवं वॉशिंग मशीन घेतलं तेव्हा दुकानातला पोरगासुद्धा म्हणाला, तुम्हाला स्वस्तातलं चालेल. मी म्हटलं, मला सगळ्यात कमी वीज खाणारं दाखव, आणि ते वीस वर्षं चालायला हवं.

तूवा : आणि त्याने दाखवलं?

सिग्ने : न दाखवून जातो कुठे!

हेनिंग : आई, मी तुझा शत्रू नाही गं.

सिग्ने : नाहीस. म्हणूनच सांगते. गेल्या नाताळात तुम्ही चौघं आलात. जेवलात, भेटी उघडल्यात आणि झोपायला हॉटेलात गेलात. वर चार खोल्या रिकाम्या असताना.

हेनिंग : थंडी होती म्हणून...

सिग्ने : का होती, ते माहीत आहे मला. जाताना तिल्दा मला म्हणाली, आजी, तुझ्या घरात तोंडातून वाफ येते. पोरीला गंमत वाटली. मला लाज वाटली. तुमची गाडी वळली आणि मी इथे, या खुर्चीवर बसून रडले. सबंध नाताळ रडण्यात गेला. मग राग आला. जानेवारीत नगरपालिकेतून तो प्लगला लावायचा छोटा मीटर उसना आणला आणि घरातली एकेक वस्तू तपासली. सगळ्यात जास्त वीज कोण खात होतं, माहीत आहे? बॉयलर सोडून?

हेनिंग : कोण?

सिग्ने : मोठा फ्रीझर. बाबा गेल्यापासून शिकार करून एल्क हरणाचं मटण आणायला आहे कोण? आत दोन डबे रानबेऱ्या, बाकी सगळा बर्फ. दोन डब्यांसाठी रात्रंदिवस घुरघुरत होता. म्हणून भंगारवाल्याला बोलावलं, तर तू मध्ये पडलास. चांगला चालतोय, टाकतेस कशाला, म्हणून स्वतःच्या गाडीवर लादून घेऊन गेलास.

हेनिंग : तो आमच्या उन्हाळी घरात आहे. छान चालतोय.

सिग्ने : आणि उन्हाळी घराचं बिल?

हेनिंग : ...ते जरा वाढलंय.

तूवा : किती जुना आहे?

सिग्ने : याच्या धाकट्या बहिणीएवढा.

तूवा : बाप रे.

हेनिंग : आन्नेली म्हणते, मीटरच बिघडलाय.

सिग्ने : मीटर ठणठणीत आहे.

तूवा : सिग्ने, मला सांग आता. एकदा टोचलं की मागे घेता येत नाही. करू?

हेनिंग : मला आधी का नाही सांगितलंस, आई?

सिग्ने : सांगितलं असतं, तर तो फोटोवाला एप्रिलमध्येच येऊन बसला असता. तूवा, कर गं.

तूवा : श्शुप्.

हेनिंग : काय म्हणाली ती?

सिग्ने : उमेओत राहून विसरलास? उत्तरेकडच्या गावांतली आहे ती. श्वास आत ओढला, म्हणजे हो म्हणाली.

(बाहेर यंत्र धडधडू लागतं. कपाटातल्या कपबश्या किणकिणतात. पुढचं सगळं ओरडून.)

हेनिंग : किती वेळ चालणार हे?

सिग्ने : उद्या दुपारपर्यंत! जेवून जा! मटार सूप आहे, गुरुवारी तेच असतं ना!

हेनिंग : मी आधी त्या फोटोवाल्याला फोन करतो!

सिग्ने : काय सांगणार आहेस त्याला?

हेनिंग : येऊ नको म्हणून! घरमालकीण घरातच राहतेय म्हणून!

सिग्ने : बाहेर जाऊन कर, इथे ऐकू यायचं नाही त्याला! आणि तो फ्रीझर घेऊन ये परत! भंगारवाल्याकडे मी स्वतः सोबत येणार! तुझ्यावर माझा विश्वास नाही!

हेनिंग : आई! माझ्या खोलीतला गरम पाण्याचा रेडिएटर चालतो तरी का अजून?

सिग्ने : चारही खोल्यांमधल्या रेडिएटरमध्ये अडकलेली हवा काढलीय मी काल! गाद्या उन्हात टाकून झाल्यात! आन्नेलीला सांग, या वेळी हॉटेल नको!

हेनिंग : सांगतो! पण अकरा वर्षं, आई! अकरा!

सिग्ने : अकरा वर्षांनी तिल्दा एकोणीस वर्षांची असेल. तेव्हा तिला विचार, आजीच्या घरात तोंडातून वाफ येते का.