मटणाच्या हॉटेलात मगदूम वकील

...आणि वर मलाच विचारतात, "वकीलसाहेब, हे तुमी आधी का न्हाई सांगितलं?" आधी! अहो, आधी तुम्ही आला होता कुठं? तुम्हाला सांगतो, मी पारस मगदूम, सांगलीत विश्रामबागला वकिली करतो, हॉटेल, लॉज, मंगल कार्यालयं असले धंदे अडचणीत आले की मार्ग काढून द्यायचा हे माझं काम, आणि ही माणसं माझ्याकडं येतात कधी? शटरला बँकेचं सील लागलं की! आता मी काय करू, सीलवर फुंकर घालू? लवकर या, म्हणतो मी. लवकर या! पण ऐकतंय कोण...

गिऱ्हाईक कमी झालं की आधी कोण येतो? वास्तुवाला. तो म्हणतो भट्टी चुकीच्या कोपऱ्यात आहे. हलवली भट्टी. मग रंगकाम. मग 'हॉटेल'ची पाटी काढून 'एक्झिक्युटिव्ह'ची पाटी, आत बाकडी तीच! मग मेव्हणा म्हणतो, दारात कारंजं पाहिजे... कारंजं, ओ! प्यायच्या पाण्याला टँकर आणि दारात कारंजं! मग बायकोचे दागिने, मग पाहुणेरावळे, आणि सगळीकडं हात टेकले की मग, "चला, जरा वकिलाला विचारून बघू." लवकर या!

म्हणून त्या दिवशी इस्लामपूरकडच्या उदयसिंहाचा फोन आला तेव्हा मला भरूनच आलं. पलटणीतून सुभेदार होऊन आलेला माणूस, पेन्शनीची सगळी पुंजी घालून, वर बँकेचं कर्ज काढून रस्त्याकडेला मटणाचं हॉटेल काढलं, छान चाललं होतं, तेवढ्यात रस्त्याचं काम निघालं आणि गाड्या लांबून वळायला लागल्या. म्हणाला, "साहेब, अजून हप्ता थकला न्हाई. पर म्होरचा जमंल असं वाटत न्हाई." ऐकलंत? अजून थकला नाही! मी बायकोला ओरडून सांगितलं, ब्राह्मी, शिरा कर, एक माणूस वेळेवर आला!

पण तो येतो कुठं? "आवं, तुमच्या हापिसाचा जिना चढताना कुणी बघितलं तर? मटणवाला उद्याच्या उद्या उधारी मागाय दारात! तुमीच या की हाटेलात. गिऱ्हाईक म्हणून. कोपऱ्यातलं टेबल ठेवतो, कुणाला संशय यायचा न्हाई."

आता मला सांगा, मी जैन. आमच्या घरात कांदासुद्धा चोरासारखा येतो. आणि मी कुठं जाऊन बसायचं, तर मटणाच्या हॉटेलात, गिऱ्हाईक म्हणून! पण म्हटलं, बिचारा लवकर आलाय... गेलो. रोज गेलो. सगळीकडं रश्श्याचा घमघमाट, आणि मी कोपऱ्यात दहीभात.

तिथं कळलं, सोमवारी तो एका खाजगी सावकाराकडं राहतं घर लिहून देणार होता. त्याची बायको, संयोगितावहिनी, कागदावर सही करायला तयार झालेल्या. मी म्हटलं, सुभेदार, घराला हात लावायचा नाही, आज बँकेत चला, हप्ता चुकायच्या आधी मुदत वाढवून मागू, आणि उधारीवाल्यांत एकाला गपचूप पैसे देऊन दुसऱ्याला टाळायचं नाही. सीमेवर उभा राहिलेला माणूस, आणि पाण्याच्या ग्लासात बघून रडला हो. "घर राहील न्हवं?" एवढंच म्हणाला. मला लय वाईट वाटलं.

बँकेचं काम मार्गी लागलं, आणि तेवढ्यात दारात मटणवाला बाळासो! मला बघून जागीच थांबला. "आयला... मगदूम वकील? हितं? दहीभात?" गेला की तसाच माघारी! दिवस मावळायच्या आत सगळ्या इस्लामपुरात एकच बातमी, सुभेदाराच्या हॉटेलात जैन वकील रोज बसतोय, म्हणजे हॉटेल गेलं!

दुसऱ्या दिवशी मटणवाला, दूधवाला, गॅसवाला, मसालेवाली दगडाबाई, सगळे हजर. उदयसिंहाचा चेहरा पांढरा. "साहेब, आता?" म्हटलं, आता काय, सगळ्यांना बसवा. वहिनींनी रस्सा वाढला. मी समजावलं, आज सगळ्यांनी ओढाओढ केली तर एकेकाच्या वाट्याला चार खुर्च्या येतील, दम धरला तर हॉटेल चालून पैसे फिटतील. बाळासो म्हणाला, "खुर्च्या घिऊन काय करू? मटण बसवू त्यावर?" दगडाबाई म्हणाली, "आधी जेव रं गपचिप." आणि जमलं, बघा! सगळ्यांनी मुदत दिली. घर वाचलं, हॉटेलही चालू आहे.

मला वाटलं, आता लोकांचे डोळे उघडतील, आता येतील लवकर. कसलं काय! आता उलटंच झालंय. कराडला जाताना चहाला नुसती गाडी उभी केली तरी मालक हात जोडून पळत बाहेर. "साहेब, आमचं बरं चाललंय वो! गाडी तेवढी म्होरं लावा!" अहो, मला नुसता चहा पाहिजे! जिथं वर्षानुवर्षं इडली खाल्ली, तो म्हणतो, "तुमी बसला आणि दूधवाल्यानं रोख मागितलं." सख्ख्या मेव्हण्याचा लॉज, तो म्हणतो, "दाजी, तुमी आपलं घरीच भेटा." साताऱ्यापासून सांगलीपर्यंत मला कपभर चहा मिळत नाही, तुम्हाला सांगतो!

आता थर्मास आणि डबा घेऊन फिरतो. परवा निघताना ब्राह्मीनं डबा हातात दिला आणि म्हणाली, "लवकर या."

म्हटलं, बाई, हे मी जन्मभर लोकांना सांगतोय, कुणी येत नाही, मग मी तरी कशाला येऊ?

...पण आलो. दिवस मावळायच्या आत आलो. दुसरीकडं जेवायला घालतंय कोण?