दोन विटा, तीन उड्या

आत्या: आढेवेढे नकोत. नाव सांग.

भाची: आधी चहा तरी पिऊ दे, आत्या.

आत्या: दोन दिवस घड्याळ घेऊन सगळ्यांच्या मानगुटीवर बसलीस. शिवणाऱ्या बायका विचारतायत, भाची शिकून आलीय की पहाऱ्यावर आलीय? सोमवारी शाळा उघडतायत. शनिवारी संध्याकाळपर्यंत नऊशे दप्तरं द्यायचीत आणि आज बुधवार उजाडला. आपल्या कारखान्यात गोगलगाय कोण, एवढंच शोध म्हटलं होतं.

भाची: तुला कोण वाटतं?

आत्या: वाटायचंय काय त्यात? मास्तर! पट्ट्याच्या मशीनपुढं बघ, किती साचलंय. हात थकलेत आता त्यांचे. आज जेवणाच्या सुट्टीत सांगणार आहे, पट्टे दुसरं कुणीतरी लावेल, तुम्ही घरी आराम करा.

भाची: अगं, थांब, थांब! तुझ्या टेबलाखाली काय आहे ते?

आत्या: कुठं? ते होय. ते जमलंय.

भाची: मास्तरांपुढं साचतं आणि तुझ्यापुढं जमतं?

आत्या: माझं तपासायचं काम. वेळ लागणारच.

भाची: बरं, हे ऐक. सोमवारी सकाळी एका दप्तराच्या कापडाला मी चिठ्ठी टाचली. ते दप्तर आज सकाळी खोक्यात गेलं. दोन दिवस. आणि त्यावर खरं काम किती झालं माहितीय? वीस मिनिटं.

आत्या: आणि बाकीचा वेळ?

भाची: पाहुण्यासारखं बसून होतं. थोडं मास्तरांपुढं. बाकी सगळं तुझ्या टेबलाखाली.

आत्या: असं होय.

भाची: शिवणाऱ्या बायका तासाला साठ दप्तरं शिवतात. मास्तर चाळिसांना पट्टे लावतात. आणि तुझ्या हातून चोवीस सुटतात.

आत्या: चोवीस? घड्याळ बिघडलंय तुझं.

भाची: रोजचे आठ तास, असे चार दिवस. झाली सातशे अडुसष्ट. मास्तरांच्या जागी वाऱ्याला आणून बसवलंस तरी सातशे अडुसष्टच.

आत्या: मग कापड कापायला अजून एक माणूस घेते.

भाची: ढीग उंच होईल, बास. आपण सगळे बाहेर निघतो तेव्हा काय होतं? बाबा गाडीत, आई गाडीत, मी गाडीत. आणि तू?

आत्या: गॅस बंद केलाय का ते बघत असते.

भाची: तीनदा! तोवर गाडी जागची हलते का? आम्ही आत बसून कितीही घाई केली तरी?

आत्या: म्हणजे... नाव माझं निघालं?

भाची: काखेत कळसा...

आत्या: पुरे. पुढचं येतं मला.

भाची: अगं, प्रत्येक दप्तरात दोन विटा घालतेस, पाठीला लावतेस आणि तीन उड्या मारतेस. या वयात! चेन आणि सुटे दोरे बघायला तुला मिनिटसुद्धा लागत नाही. बाकी सगळा वेळ त्या उड्यांचा.

आत्या: उड्या बंद व्हायच्या नाहीत.

भाची: बंद नकोच करू. पट्टा लावला की मास्तर तिथंच दोन्ही हातांनी ओढून बघतील. जिथं चुकलं तिथंच कळेल. तू विसातलं एक दप्तर घे आणि हवी तेवढी नाच.

आत्या: मास्तरांचा पट्टा मास्तरांनीच बघायचा? एकदा ठेवला होता विश्वास. तुझ्या शाळेचा पहिला दिवस. सहा वर्षांची होतीस. दप्तर त्यांनी शिवलं होतं, मोठ्या हौसेनं. शाळेच्या फाटकापाशी पट्टा सुटला, पुस्तकं चिखलात! तू असं भोकाड पसरलंस की उचलून घरी आणावं लागलं. मास्तरांना चार लोकांत नाही नाही ते बोलले मी. त्यांनी वर मान करून बघितलं नाही.

भाची: आत्या... त्या उड्या त्या दिवसापासून?

आत्या: त्याच संध्याकाळी विटा आणल्या. काय गं? चहा सांडतोय तुझा.

भाची: पट्टा सुटला नव्हता गं. मी कापला होता.

आत्या: काय?

भाची: मला शाळेत जायचं नव्हतं. आदल्या दिवशी तुझ्या टेबलावरची छोटी कात्री घेतली. चार टाके ठेवले, म्हणजे घरी कळू नये आणि शाळेपाशी बरोबर तुटावं.

आत्या: वेळेचं गणित तुला तेव्हापासून येतं म्हणायचं! वीस वर्षं उड्या मारतेय मी, कार्टे! वीस वर्षं!

भाची: हसतेयस का रागावलीयस?

आत्या: मलाच कळत नाहीये. गुडघे माझे बिचारे...

(मास्तर रिकामं रीळ हातात घेऊन दारात येतात.)

मास्तर: बाई, काळा दोरा संपला.

आत्या: मास्तर, या. बसा. हिच्या पहिल्या दप्तराचा पट्टा आठवतो तुम्हाला?

मास्तर: न आठवायला काय झालं.

आत्या: तो हिनं कापला होता. आत्ता सांगतेय, एवढी घोडी झाल्यावर!

मास्तर: हो.

आत्या: हो काय? माहीत होतं तुम्हाला?

मास्तर: दुरुस्तीला माझ्याकडंच आलं ना ते. ताणून तुटलेला दोरा टोकाला पिंजतो. हा सरळ होता. कात्रीचा.

आत्या: मग बोलला का नाहीत? मी एवढं तोडून बोलले...

मास्तर: सहा वर्षांची पोर. तिला मार बसला असता. मला नुसती बोलणी बसली. आणि खरं सांगू का बाई? नंतर तुमच्या उड्या बघायची सवयच लागली सगळ्यांना.

भाची: मास्तरकाका...

मास्तर: रडू नकोस. तेव्हा पुष्कळ रडलीस.

आत्या: चुकलं माझं, मास्तर. फार चुकलं.

मास्तर: असू द्या हो. काळा दोरा तेवढा द्या.

भाची: दोऱ्यासाठी तुम्ही उठायचं नाही आता. दोरा तुमच्याकडं येईल. तुम्ही उठलात की सगळा कारखाना थांबतो. आजपासून सगळ्यांनी तुमच्या चालीनं चालायचं.

मास्तर: म्हणजे सगळ्यात हळू मीच?

भाची: आजपासून तुम्हीच. कालपर्यंत दुसरंच कुणीतरी होतं.

आत्या: तोंड आवर.

भाची: तासाला चाळीस धरले तरी नऊशे कधीच होतात. शनिवारी दुपारी आपण हात झटकून मोकळे!

मास्तर: छान. आणि बाई, जेवणाच्या सुट्टीत माझ्याशी काही बोलणार होता म्हणे? बायका कुजबुजत होत्या.

आत्या: अं... हो. हेच, की आजपासून पट्टे तुम्हीच ओढून बघायचे. मी बघणार नाही.

मास्तर: एकही नाही?

आत्या: विसातला एक. सवय आहे हो, एकदम नाही सुटत.

मास्तर: बरं तर. निघतो. पुष्कळ साचलंय माझ्यापुढं.

आत्या: साचलं नाही, मास्तर. जमलंय.