इरजिकीची पंगत

मंडळी, तुम्ही सगळे आलात. गावचे पुढारी आबासुद्धा आले. हार घेऊन पहिल्या ओळीत बसलेत. लेकीनं शोकसभेत बोलू नये, असं मघाशी कुणीतरी पुटपुटलं. तरी मी बोलणार. निम्मं रडू आहे, निम्मा राग. खरं सांगू? रागच जास्त आहे.

विद्यापीठाचे साहेब पुण्याहून आलेत, त्यांच्यासाठी सांगते. तुमच्या पहिल्या तुकडीत आफ्रिकेतले तरुण अधिकारी आले होते, पुढारीपण शिकायच्या कॅम्पला. त्यातला जोसेफ टांगानिकाचा, तिकडच्या सहकारी खात्यातला. कान्हे स्टेशनात उतरला आणि आमच्या वडिवळ्यात राहिला. मी तेव्हा लोणावळ्याच्या शाळेत शिकत होते. मोडक्या इंग्रजीत त्याची दुभाषी झाले.

आवणीचे, भात लावायचे दिवस होते. आबांच्या वावरात इरजीक होती. साहेब, इरजीक म्हणजे सगळ्या गावानं एकाच्या वावरात राबायचं, मजुरी घ्यायची नाही, आणि दिवस कलला की त्याच्याच दारात जेवायचं. जोसेफ म्हणाला, मी बघत उभा राहणार नाही. विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि उतरला चिखलात. दिवसभर भात लावलं त्यानं. वाकडंतिकडं लावलं, पण लावलं.

पंगत बसली. आबांनी त्याचं पान कुठं मांडलं? गोठ्याच्या कडेला, एकटं. "परमुलखातला माणूस, जात म्हाईत न्हाई," म्हणाले.

सगळ्यांनी पाहिलं. सगळे खाली बघून जेवू लागले. माझी आई उठली. भरली पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली आणि जोसेफशेजारी जाऊन बसली.

"बायजे, ऊठ तितनं," आबा ओरडले.

आई म्हणाली, "ज्याचं पाय चिखलात, त्याचं पान पंगतीत. तुमच्या बापानं घालून दिल्याली रीत हाय, आबा. आमी न्हाई मोडली."

"मंग तुझ्या वावरात कोण उतरतंय, बगतोच मी!"

बघितलंत ना, आबा? दर आवणीला बघितलंत. आमची रोपं जून व्हायची, पिवळी पडायची, आणि बांधावर एक माणूस यायचं नाही. आई आणि मी. मी आणि आई. कमरेतनं वाकलेली माझी आई पुन्हा सरळ झालीच नाही. तिरडीवरसुद्धा नीट निजवता आली नाही तिला.

कॅम्प संपताना लोणावळ्याला सभा झाली. जोसेफ म्हणाला, "वर्गात मला पुढारीपण सांगितलं. ते करताना मी एका बाईला पाहिलं." मी त्याचं मराठी केलं, शब्द न् शब्द. आबा व्यासपीठावर होते. टाळ्या वाजवत होते!

मग जोसेफच्या देशानं आपल्या गावातलं एक माणूस बोलावलं. जोसेफनं आईचं नाव सुचवलं होतं. आबा म्हणाले, बाई अडाणी हाय, आजारी हाय. आणि विमानात कोण बसलं? आबांचा मुलगा. आई त्या दिवशी बांधावरून आभाळाकडे बघत होती. मला म्हणाली, "लय लांब असंल न्हाई गं त्याचा गाव?" एवढंच. मी ते विसरणार नाही. मरेपर्यंत विसरणार नाही.

आता नवी तुकडी येतेय. पाहुणे आबांच्या घरी उतरणार, इरजीक आबांच्या वावरात बघणार, असं ठरलंय म्हणे.

आबा, काल आईच्या तेराव्याला तुम्ही आला नाहीत, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही. पंगतीत वाढता वाढता मी एकेकाला विचारलं, यंदा आबांच्या आवणीला जाणार का? पहिल्यांदा सोनाकाका बोलले. "पोरी, तवा भ्यालो. आता न्हाई जाणार." मग पुढचं पान. मग त्याच्या पुढचं. पंगत संपली तेव्हा तुमच्या वावरात उतरणारं गावात कुणी उरलं नव्हतं. पाहुण्यांना आता काय दाखवणार, आबा? रिकामं वावर दाखवा. आईनं दर आवणीला स्वतःचं बघितलं, तसंच आहे ते.

तो हार राहू द्या. तिच्या फोटोला तुमचा हात लागायला नको.

मंडळी, उभे राहा. माझ्या आईसाठी गप्प राहूया. आबा, तुम्ही सोडून. रीत कुणी मोडली, ते तुम्ही बोला, या साहेबांसमोर. तुम्ही बोलेपर्यंत आम्ही उभे आहोत.