टेपमधली बाई

— सरक की जरा, बसू दे. टेंभुर्णीहून आली ना? मंग तुला टेपमधली बाई भेटली नसंल. भेटंल, भेटंल! ही सिस्टर केरळची, मराठीचा एक शब्द येत न्हाई, म्हणून टेप काखेत घेऊन फिरती. बटण दाबलं की आतली बाई विचारती — "आपलं बाळ दूध व्यवस्थित घेतं का?" आपलं बाळ म्हणे! माझ्या पोराला एवढ्या अदबीनं त्याचा बाप बी बोलला न्हाई. अन् तुला वाटंल, आपण सांगायचं, ती ऐकंल — छे! आपण नुसती मान हलवायची, सिस्टर कागदावर खूण करती. मी म्हणलं, पीत होतं, पण काल पिता पिता डोळे मिटले — तवर बाई पुढच्या प्रश्नावर! बिलकुल माझ्या सासूवानी. विचारायची हौस, ऐकायला सवड न्हाई.

सासू? खाली चहाला गेली. सकाळी मात्र अशी चिकटून उभी होती. मी सातवी शिकलेली, प्रश्न मोजले — चौदा. नववा आला, "घरी बाळाला काही दिलं आहे का?" माझं तोंड उघडायच्या आत आत्याबाईंची मान हलली — न्हाई. मंग माझी बी हलली. सिस्टरनं खूण केली, संपलं. आता डॉक्टर म्हणतो रक्त तपासू, छातीचा फोटो काढू. पोरगं आत काल दुपारपासून डोळे उघडंना, अन् हे फोटो काढत बसलेत!

काय देणार घरी? कापूस वेचायला जायचं म्हणलं की समद्याच देत्यात — मोहरीएवढी अफू, दुधातून. तू न्हाई देत? असू दे. आत्याबाई रोज सकाळी देत्यात. काल बी दिली. काल वेचणीला सुट्टी, मला वाटलं दिली नसंल. दुपारी रडाया लागलं, मंग मी बी — अशी बघू नको माझ्याकडं! मी त्यांना विचारलं न्हाई, त्यांनी मला सांगितलं न्हाई. आम्ही दोघी मराठीच बोलतो, बरं का.

तो नववा प्रश्न परत लावता येतो का ग? शाळेत बाई कवितेची टेप मागं फिरवायच्या… पण ती परत विचारंल अन् आत्याबाई परत मान हलवतील. अफूची डबी हाय माझ्या कमरेला. ही बघ. जिन्यात चपला वाजल्या — आल्याच त्या. उठ, वाट सोड. सिस्टर! ओ सिस्टर! टेप नको, ठेव ती खाली — हे बघ —